४,२९,४९,६७,२९७ : फर्माला चकवणाऱ्या संख्येची संपूर्ण तपासणी

अक्षरी वाचायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अशी दहा अंकी संख्या समोर आली की पहिला प्रश्न एकच असतो: ही मूळ संख्या आहे की संयुक्त? शाळेतल्या कसोट्या लावून पाहू. शेवटचा अंक ७ आहे, म्हणजे २ ने किंवा ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने जात नाही. एक सोडून एक अंक घेऊन केलेल्या दोन बेरजा २१ आणि ३८ येतात. त्यांतला फरक १७, म्हणून ११ नेही नाही. शाळेतल्या कसोट्या इथेच संपतात आणि संख्या जशीच्या तशी उभी राहते.

आता सरळ मार्ग म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहणे. या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ पेक्षा किंचित जास्त आहे आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. हाताने करायचे म्हटले तर कित्येक दिवसांचे काम. पण ही संख्या कशी घडली आहे ते पाहिले, तर हेच काम दोन भागाकारांत उरकते. मोठ्या संख्येशी सामना करताना ती किती मोठी आहे यापेक्षा ती कोणत्या रूपात लिहिता येते हे महत्त्वाचे असते. या एका संख्येवर ते जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

तिची घडण

२ चा ३२वा घात, म्हणजे २ ला २ ने गुणत गेल्यावर बत्तीस दोनांचा गुणाकार, हा ४,२९,४९,६७,२९६ येतो. पुढे आपण हे २^३२ असे लिहू. आपली संख्या त्याच्याहून फक्त एकाने मोठी, म्हणजे २^३२ + १. आणि ३२ हा स्वतःच २ चा पाचवा घात आहे.

ही दुसरी गोष्ट योगायोगाची नाही. २^म + १ या रूपाची संख्या मूळ असायची असेल, तर म ला १ सोडून कोणताही विषम विभाजक असून चालत नाही. उदाहरणार्थ २^६ + १ घ्या. ६ = २ × ३, म्हणून ही संख्या ४^३ + १ अशी लिहिता येते, आणि विषम घातांच्या बेरजेला पायांच्या बेरजेने, इथे ४ + १ = ५ ने, हमखास भाग जातो. २^६ + १ = ६५ = ५ × १३. विषम विभाजक टाळायचे तर म हा १, २, ४, ८, १६, ३२ असाच असावा लागतो. त्यातून येणाऱ्या संख्या अशा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि मग आपली संख्या. यांना फर्मा संख्या म्हणतात. पहिलीला शून्यावी धरायची पद्धत आहे, त्यामुळे आपली पाचवी.

फ्रान्सचा पिएर द फर्मा याने १६४० मध्ये पत्रांतून ही यादी लिहून कळवली आणि या रूपाच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असे आपले मत मांडले. सिद्धता आपल्याकडे नाही हेही त्याने सांगितले होते. पहिल्या पाच खरोखर मूळ आहेत. सहावीत त्याचा अंदाज कोसळला, पण ते कळायला जवळजवळ शतक गेले. गणितज्ञ गोल्डबाखने १७२९ मध्ये हा प्रश्न दुसरा गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर याच्या कानावर घातला आणि १७३२ मध्ये ऑयलरने सेंट पीटर्सबर्ग येथे दाखवून दिले:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

विशेष म्हणजे ६४१ ही ओळीने ११६वी मूळ संख्या आहे. कोणतीही युक्ती न लावता लहान मूळ संख्यांनी क्रमाने भागत गेले असते, तरी ११६व्या भागाकाराला उत्तर हाती आले असते.

विभाजक कुठे शोधायचा

समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला पूर्ण भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे प − १) येते, कारण त्यात १ मिळवला की बाकी शून्य होते. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १ येते. आता २, ४, ८, १६ अशा घातांच्या बाक्या क्रमाने लिहीत गेलो, तर त्या एका चक्रात फिरतात आणि १ आला की चक्र पूर्ण होते. ६४व्या घाताला १ आला, म्हणजे चक्राची लांबी ६४ ला भागणारी असली पाहिजे. ती ६४ पेक्षा कमी असती, तर ती ३२ लाही भागली असती आणि ३२व्या घातालाच १ आला असता. पण तिथे −१ आहे. म्हणून चक्राची लांबी बरोबर ६४.

दुसरीकडे, फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार २^(प−१) ची बाकी १ असते. चक्राची लांबी ६४ असताना असे व्हायचे तर प − १ हा ६४ च्या पटीत असलाच पाहिजे. म्हणजे विभाजक ६४क + १ या रूपाचाच असणार. १८७८ मध्ये एदुआर ल्युकाने यात सुधारणा केली. तो १२८क + १ या रूपाचाच असतो, म्हणजे उमेदवार आणखी निम्मे झाले.

आता यादी पाहा. क ला १ पासून किमती द्या: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांतला १२९ हा ३ × ४३ आहे, ३८५ हा ५ × ७ × ११ आणि ५१३ हा २७ × १९. संयुक्त उमेदवार तपासायची गरज नाही, कारण त्यांचे मूळ अवयव या रूपात बसत नाहीत. उरले २५७ आणि ६४१. २५७ ने भागले तर बाकी २ येते. ६४१ ने भागले तर बाकी शून्य. ६,५४२ भागाकारांचे काम दोनांवर आले.

६४१ चा भाग जातो हे भागाकार न करताही दिसते, आणि ही सिद्धता पाठ करून ठेवण्याइतकी सुंदर आहे. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते: ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ + १, आणि ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. त्याचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येते. ठेवले की −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ ची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य. झाले.

इथे बरेच जण थांबतात आणि ६७,००,४१७ मूळ आहे असे गृहीत धरतात. तसे करू नये. अवयव पाडताना मागे उरलेली मोठी संख्याही वेगळी तपासावी लागते. तिचे वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या दरम्यान आहे. तिचा कोणताही मूळ विभाजक आपल्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून तोही १२८क + १ याच रूपाचा हवा. २,५८८ पर्यंत या रूपाच्या मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. २५७ आधीच बाद झाली आहे. बाकीच्या चारांनी भागल्यावर अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ बाकी उरते. म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे, आणि हे कागद-पेन्सिलीने दहा मिनिटांत तपासता येते.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १८०४ साली जन्मलेला झेरा कोलबर्न हा मुलगा तोंडी हिशेबासाठी लंडनमध्ये गाजला होता. त्याला हीच संख्या घातली आणि त्याने मनातल्या मनात ६४१ सांगितला, अशी त्या काळची नोंद आहे.

अवयव कळल्यावर बाकीचे सगळे कळते

अवयव हाती आले की वर्गवारी झरझर होते. ही दोन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे. कोणताही मूळ अवयव दोनदा येत नाही, म्हणून १ सोडून कोणत्याही वर्गसंख्येने तिला भाग जात नाही. विभाजक एकूण चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. चारही मिळून बेरीज ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळले तर ६७,०१,०५९. ही बेरीज संख्येपेक्षा कितीतरी लहान आहे. ६ = १ + २ + ३ यासारख्या परिपूर्ण संख्यांमध्ये ती संख्येइतकी असते आणि १२ सारख्या संख्यांमध्ये जास्त. आपली संख्या कमी भरणाऱ्यांत मोडते, तीही अगदी टोकाची.

१ पासून तिच्यापर्यंतच्या संख्यांपैकी तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या, किती? ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०. उरतात फक्त ६७,०१,०५७, हजारात दोनही नाहीत. आडाख्याने एखादी संख्या उचलून मसावि काढला तर अवयव सापडण्याची शक्यता किती कमी आहे, हे यावरून कळते. दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर आधारलेली कुलूपबंद संदेशपद्धती याच अडचणीवर उभी आहे. तिथले अवयव मात्र शेकडो अंकी असतात.

दोन वर्गांची बेरीज

आपली संख्या ६५,५३६^२ + १^२ आहे हे उघड आहे. ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. म्हणून अशा रूपाच्या संख्येला दुसरा प्रकार सापडला, की ती मूळ नाही हे अवयव न पाडताही सिद्ध होते. इथे दुसरा प्रकार आहे:

६२,२६४^२ + २०,४४९^२ = ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७

आणि ऑयलरची पद्धत इथून थेट अवयवांपर्यंत नेते. सम वर्गमुळे एका बाजूला घ्या: ६५,५३६ आणि ६२,२६४. त्यांची वजाबाकी ३,२७२ आणि बेरीज १,२७,८००. विषम वर्गमुळे दुसऱ्या बाजूला: २०,४४९ आणि १. वजाबाकी २०,४४८, बेरीज २०,४५०. दोन वजाबाक्यांचा मसावि ८, दोन बेरजांचा मसावि ५०. दोन्हींचे निम्मे करा: ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. दुसरा अवयवही असाच निघतो. दोन्ही वजाबाक्यांना ८ ने भागा, ४०९ आणि २,५५६ मिळतील. वर्गांची बेरीज १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. या पद्धतीत चूक होते ती एकाच ठिकाणी: समची जोडी विषमाशी लावली तर वजाबाकी विषम येते आणि पुढचे निम्मे करणे जमत नाही. सम समाशी, विषम विषमाशी, एवढे सांभाळावे.

संगणकावर तपासताना

मोठी संख्या मूळ आहे का, हे चटकन पाहायला फर्माची चाचणी वापरतात. एक पाया घ्यायचा, त्याचा (संख्या − १) इतका घात करायचा आणि संख्येने भागून बाकी पाहायची. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. १ आली तर फक्त संशय कायम राहतो. अनेक पुस्तकांत सोपा म्हणून पाया २ घेतात, आणि इथे तो पुरता फसवतो. २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १. संख्या − १ म्हणजे २^३२, जो ६४ च्या पटीतला आहे. त्यामुळे शेवटची बाकी १ येणारच. प्रत्येक फर्मा संख्या, मूळ असो वा संयुक्त, पाया २ ची चाचणी उत्तीर्ण होते. मिलर-राबिन ही जास्त कडक चाचणीही पाया २ वर हिला पकडू शकत नाही.

पाया ३ घ्या. वर्ग करत जायचे: ३, ९, ८१, ६,५६१, ४,३०,४६,७२१. पुढचा वर्ग सोळा अंकी, १८,५३,०२,०१,८८,८५,१८,४१ हे अंक सलग लिहिले तर होणारी संख्या. तिची बाकी ३,७९,३२,०१,४५८. असे एकूण ३१ वेळा केले की बाकी १,०३,२४,३०३ येते. १८७७ मध्ये पेपँ याने सिद्ध केलेल्या कसोटीनुसार मूळ फर्मा संख्येसाठी इथे −१ यायला हवा होता. आणखी एक वर्ग केला की ३,०२,९०,२६,१६०. ती १ नाही. संयुक्त, निर्विवाद. मात्र अवयव कोणते हे या चाचणीतून कळत नाही.

हा हिशेब यंत्रावर करताना तीन ठिकाणी घात होतो. पहिले, ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. आपली संख्या तिच्याहून दोनने मोठी. गाडीचा मीटर सगळे नऊ झाले की शून्यावर येतो, तसा साठा इथे फिरून सुरू होतो आणि संख्येच्या जागी नुसता १ उरतो. मग वर्गमुळापर्यंत भागत जाणारा प्रोग्राम एकही भागाकार न करता बाहेर पडतो आणि कित्येकदा 'मूळ' असे छापतो. दुसरे, एक्सेलसारख्या तक्त्यात १५ अंकच अचूक दिसतात. वरच्या सोळा अंकी वर्गाचा शेवटचा १ तिथे ० दिसतो आणि पुढच्या वर्गात आतला हिशेबही बिघडतो, कारण उत्तर २^५३ ची मर्यादा ओलांडते. तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे. ६४ बिटांत २^६४ − १ पर्यंतच्या संख्या मावतात, आणि आपली सर्वांत मोठी बाकी २^३२ असू शकते. तिचा वर्ग २^६४, मर्यादेपेक्षा बरोबर एकाने जास्त. पाया २ घेऊन वर्ग करत गेले तर पाचव्या वर्गाला हीच बाकी येते आणि सहाव्याला साठा शून्य होतो. तेव्हा हवी तेवढी मोठी संख्या हाताळणारी भाषा, जसे पायथॉन, वापरावी. तिथल्या घाताच्या फंक्शनला पाया, घातांक आणि भाजक असे तीन आकडे दिले की उत्तर क्षणात मिळते.

देवळालीची मोजपट्टी

नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांच्या अंकांवरून काही वर्ग पाडले. ते जगभर वापरले जातात. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो ती हर्षद. आपली अंकांची बेरीज ५९ आहे. चार विभाजकांत ५९ नाही, म्हणून ही हर्षद नाही.

दुसरा वर्ग स्वयंभू संख्यांचा. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: २१ मध्ये ३ मिळवले की २४. अशी कोणतीच जननी नसलेली संख्या स्वयंभू, जसे २०. आपली संख्या स्वयंभू आहे का? इथे नऊने भागल्यावरची बाकी कामी येते. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने भागल्यावरची बाकी सारखीच असते. म्हणून जननीच्या अंकांच्या बेरजेची दुप्पट ९ ने भागल्यावर ५ उरली पाहिजे, कारण ५९ ला ९ ने भागल्यावर ५ उरतात. म्हणजे ती बेरीज ७, १६, २५, ३४, ४३, ५२, ६१, ७० किंवा ७९ यांपैकीच. एकेक वजा करून पाहिले तर प्रत्येक वेळी मिळणाऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज ५२ च येते. म्हणून जुळणी फक्त ५२ ला होते: ४,२९,४९,६७,२४५ + ५२ = ४,२९,४९,६७,२९७. जननी एकच आहे, आणि संख्या स्वयंभू नाही. अंकांवरचे हे गुण दशमान लेखनावर अवलंबून असतात. द्विमान पद्धतीत हीच संख्या १, मग एकतीस शून्ये, मग पुन्हा १ अशी, उलटसुलट सारखीच वाचली जाणारी दिसते. अवयव मात्र कोणत्याही पद्धतीत बदलत नाहीत.

शेजारी

तिच्याहून दोनने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ आहे, म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. २५७ ने भागल्यावर बाकी २ का आली, ते इथे उलगडते. शिवाय बाजू ४,२९,४९,६७,२९५ आणि १,३१,०७२ असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण नेमका आपली संख्या आहे.

गाउसने १७९६ मध्ये सतरा बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपासने काढता येतो हे दाखवले. त्याच्या नियमानुसार, आणि वाँत्सेलने १८३७ मध्ये पुऱ्या केलेल्या सिद्धतेनुसार, बाजूंची संख्या विषम असलेला असा बहुभुज काढता येतो तो ती संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असेल तेव्हाच. आज माहीत असलेला असा सर्वांत मोठा बहुभुज ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा आहे. त्याच्या पुढे जायचे तर सहावी मूळ फर्मा संख्या हवी. पाचव्या क्रमांकापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत. विसाव्या आणि चोविसाव्याचा तर एकही अवयव कुणाला सापडलेला नाही. त्या संयुक्त आहेत एवढे पेपँच्या कसोटीने कळले. तेहतिसावी, म्हणजे २ चा २^३३वा घात अधिक १, मूळ की संयुक्त हे अजून ठरलेले नाही. ती दोन अब्जांहून जास्त अंकांची असल्याने तिच्यावर ती कसोटी चालवणे सध्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून तिचे विभाजक २^३५ च्या पटीत १ मिळवून, एकेक करून शोधले जात आहेत.